सांगाड्यावरचा डाग

१

शुक्रवारी सकाळी साडेआठला आबा तळघराच्या जिन्याखाली सापडले. मान वाकडी, चष्मा कपाळावर सरकलेला आणि पायात एकच चप्पल. दुसरी चप्पल जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर होती.

जागा म्हणजे दात बनवण्याची लॅब. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि त्यावरून इथली माणसं दात घडवतात. तळघरात ओतारी धातू वितळवून दातांचा सांगाडा ओततो. तळमजल्यावर ऑफिस आणि प्लास्टरचे साचे करण्याची खोली आहे. वरच्या मजल्यावर त्या सांगाड्यावर पोर्सेलीन चढवून भट्टीत भाजतात, म्हणजे काळाकुट्ट धातू झाकून पांढरा, खऱ्यासारखा दात तयार होतो. तो वरचा मजला चाळीस वर्षं आबांचा होता.

मी आणि आबा एकाच वर्गात शिकलो. ते लॅबमध्ये गेले, मी दंततंत्रज्ञांच्या शाळेत शिकवायला लागले आणि तीस वर्षांनी निवृत्त झाले. हातात ब्रश कसा धरावा हे मला शाळेच्या मास्तरांनी नाही, आबांनी शिकवलं. स्वभावाने खडूस होते. कामात असताना हाक मारली तर उत्तर द्यायचे नाहीत. त्यांचा मला राग यायचा आणि त्यांच्याबद्दल आदर वाटायचा, दोन्ही सारखंच. बातमी ऐकली तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. हातातलं ओलं धुणं तसंच बादलीत टाकलं आणि खाली बसले.

आणि त्यांची शेवटची शिष्या म्हणजे माझी भाची चिमी. थोरली बहीण गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते.

आधी सगळे म्हणाले अपघात. म्हातारा माणूस, अरुंद जिना, पाय सटकला. पण दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की छातीवर दोन्ही हातांनी जोरात ढकलल्याच्या खुणा आहेत. मृत्यू गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठच्या मध्ये. आणि रात्र व्हायच्या आत पोलिसांनी चिमीला तीन वेळा बोलावून तेच तेच प्रश्न विचारले होते.

शनिवारी सकाळी इन्स्पेक्टर माझ्या दारात उभे राहिले. मध्यम वयाचा, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तीन दातांचा एक सांगाडा.

"त्या भट्टीची भाषा कळणारं माणूस हवंय," ते म्हणाले. "सगळे तुमचंच नाव सांगतात."

मी म्हटलं, "चिमी माझी भाची आहे. आधी सांगून ठेवते. नंतर म्हणू नका लपवलं."

"ठाऊक आहे. म्हणूनच आलो. सोमवारी मला तिला अटक करावी लागणार आहे."

२

त्यांचा हिशेब साधा होता. वरच्या मजल्यावरची भट्टी प्रत्येक वेळी कधी सुरू झाली ते स्वतःच नोंदवून ठेवते. गुरुवारची शेवटची नोंद सात बेचाळीसची. भट्टीच्या थाळीवर हा सांगाडा सकाळी गार होऊन पडला होता. म्हणजे सात बेचाळीसला आबा जिवंत होते आणि काम करत होते.

त्या वेळी इमारतीत दुसरं कोण होतं? ओतारी साडेसहाला गेलेला. मालक सात वाजायच्या आधी निघाले आणि सव्वासातला बारा दंतवैद्यांबरोबर जेवायला बसले, बाराही जण साक्षीला. चिमी मात्र खाली साच्यांच्या खोलीत होती. तिनेच सात पंचावन्नला पुढचं दार ओढून घेतलं. शिवाय त्या दिवशी सकाळी आबा तिच्यावर असे ओरडले होते की तळघरापर्यंत ऐकू गेलं. मालकांनी जबाबात सांगितलं होतं की आबा तिला काढून टाकायचं म्हणत होते.

मी चिमीला समोर बसवलं. दोन दिवसांत पोरीचं तोंड सुकून एवढंसं झालं होतं. ती म्हणाली की सकाळचं ओरडणं एका चुकलेल्या साच्यावरून होतं, नेहमीचंच; काढून टाकायचं आबा कधी बोललेच नव्हते. मग सांगितलं की मालक जाताना साच्यांच्या खोलीत डोकावले. सकाळी लवकर साचे हवेत, आठपर्यंत थांब, असं म्हणाले, आणि वर आबा कामात आहेत, त्यांना त्रास देऊ नकोस, असंही म्हणाले. तळघरातला कॉम्प्रेसर तोपर्यंत घरघरत होता, त्यामुळे तिला काहीच ऐकू आलं नाही. आठला दहा मिनिटं कमी असताना वरून भट्टीची घंटी वाजली. काम झालं की ती वाजते. मग ती जिन्याशी गेली.

"मी खालून हाक मारली, आबा, मी निघते म्हणून," ती म्हणाली. "ते काही बोलले नाहीत. पण ते कधीच बोलायचे नाहीत ना गं मावशी. मला वाटलं कामात असतील."

आणि मग ती रडली. मीही रडले. मागे तळघराच्या जिन्याखाली मरून पडलेल्या माणसाचा ती पुढे वरच्या मजल्याच्या जिन्याशी उभी राहून निरोप घेत होती, हे तेव्हा आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की सोमवार दोन दिवसांवर आहे.

३

लॅबच्या दारात मालकांनीच माझं स्वागत केलं. चाळिशीचे, कडक इस्त्रीचा पांढरा कोट, आवाज मधाळ. लॅब वडिलांनी काढली, यांच्याकडे वारशाने आली. स्वतः कधी ब्रश धरला नाही, सगळा कारभार उंटावरून शेळ्या हाकण्याचा. पण बाहेरून दंतवैद्य लॅब बघायला आले की हे त्यांना घेऊन तिन्ही मजले फिरवतात आणि असं बोलतात की वाटावं जन्म भट्टीपुढे गेला.

ऑफिसच्या टेबलावरच्या खोक्यातून त्यांनी हातमोज्यांची जोडी काढून मला दिली. पाहुण्यांना देतात तशीच.

"वाळूचा मारा झालेल्या धातूला हात लावायचा नाही," ते म्हणाले, "हा आपला पहिला नियम. अर्थात तुम्हाला काय सांगायचं, मावशी."

मी हसून मोजे पर्समध्ये कोंबले आणि त्यांच्यामागून वर गेले. जाताना त्यांची पोपटपंची चालूच होती. पोर्सेलीन धातूला गोंदासारखं चिकटत नाही. आधी बारीक वाळूच्या माऱ्याने धातू खरखरीत करायचा, वाफेने धुवायचा, मग रिकामाच भट्टीत तापवायचा. याला डिगॅसिंग म्हणतात. त्याने धातूवर गंजासारखा एक पातळ थर येतो आणि पोर्सेलीन त्या थराला धरून बसतं. बोटाचं तेल लागलं की सगळं फुकट. आणि ही भट्टी तर अशी हुशार की रात्री वेळ लावून ठेवली की सकाळी माणसं यायच्या आत आपली आपण सुरू होते. चुकीचं त्यात एक अक्षर नव्हतं. माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हे असंच पाठ असायचं.

त्यांना खाली पाठवून मी एकटी आबांच्या खोलीत बसले. खिडकीखाली टेबल, त्यावर ब्रश उंचीप्रमाणे लावलेले, भिंतीला चिमटे टांगलेले. आबांच्या खोलीत हातमोजे नव्हते. कधीच नसायचे. धातू धरायचा तो चिमट्यानेच. एकदा एक नवा मुलगा मोजे घालून आला तर आबांनी ते खिडकीतून खाली फेकले होते.

मी पिशवीतला सांगाडा भिंगाखाली धरला. धातूवर हिरवट करडा थर होता, म्हणजे तो भट्टीत रिकामा तापवलेला होता. मधल्या दातावर अंगठ्याएवढा एक डाग. मागच्या बाजूला तसाच दुसरा. कोणीतरी हा सांगाडा दोन बोटांत धरला होता. आबांनी? आबा मेले असते पण बोट लावलं नसतं.

मग मी आबांचा खण उघडला. आत कामाची कार्डं होती. प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं आणि त्यावर काय काय करायचं ते लिहिलेलं असतं. गेल्या पंधरा दिवसांच्या प्रत्येक कार्डावर आबांच्या कोरीव अक्षरात एकच ओळ होती. 'डिगॅसिंग नाही. मारा, वाफ, थेट पहिला थर.' आणि खाली चिमीची सही, 'समजले'.

मी ती ओळ तीनदा वाचली. पंधरा दिवसांपासून आबा सांगाडे भट्टीत रिकामे तापवतच नव्हते. मग गुरुवारी सात बेचाळीसला हा सांगाडा तापवला कोणी?

४

इन्स्पेक्टर खालून चहाचे दोन कप घेऊन वर आले तेव्हा मी त्यांना कार्डं दाखवली. त्यांनी एकच शंका काढली, आणि ती बरोबर होती. म्हातारा माणूस विसरला असेल. सवयीने जुनंच केलं असेल.

मी त्यांना म्हटलं, माणूस पद्धत विसरतो, हाताची सवय विसरत नाही. आबा एक वेळ पद्धत विसरले असते, पण चिमटा विसरले नसते. दोन्ही चुका एकाच सांगाड्यावर एकाच संध्याकाळी झाल्या, याचा अर्थ भट्टी लावणारे आबा नव्हते. आणि आबा नव्हते तर सात बेचाळीसला आबा जिवंत होते याचा पुरावा काय उरला? काही नाही.

"पण भट्टी कोणीतरी लावलीच ना. त्या वेळी वर कोणी असलंच पाहिजे."

"नसलं तरी चालतं. ती वेळ लावून ठेवता येते. साडेसहाला कळ दाबायची आणि सात बेचाळीसची वेळ द्यायची. मालक मला मघाशी तेच सांगत होते, स्वतःच्या तोंडाने."

त्यांनी कप खाली ठेवला. मग मी पुढचं सांगितलं. हा खोटेपणा करून कोणाचा फायदा होतो? जो आधी निघून गेला त्याचा. चिमीचा नाही. आबा सात बेचाळीसपर्यंत जिवंत होते असं ठरलं तर सगळ्यात आधी तीच अडकते. स्वतःच्या गळ्याला फास लावायला कोण भट्टी पेटवील? शिवाय नवी पद्धत तिला ठाऊक होती, खाली सही आहे. तिने खोटं काम मांडलं असतं तर नव्या पद्धतीचं मांडलं असतं.

इन्स्पेक्टरांनी कार्डं पुन्हा चाळली. मग म्हणाले की सरकारी वकिलाला एवढं पुरणार नाही. विसरला, चुकला, असं म्हणून तो उडवून लावील. खरा माणूस दाखवा, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची.

खरा माणूस मला दिसत होता. रोज धातू बोटांत धरणारा एकच माणूस त्या इमारतीत होता, आणि तळघराच्या मागच्या दाराची किल्लीही त्याच्याकडेच होती.

५

तळघरात ओताऱ्याचं राज्य. रुंद, गप्प माणूस, कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. मी गेले तेव्हा तो नुकताच ओतलेला एक सांगाडा हातात फिरवून बघत होता. अंगठ्याने घासायचा, उजेडात धरायचा, पुन्हा घासायचा. त्याच्या कामात तसंच करावं लागतं, कुठे भोक राहिलं का ते बोटालाच कळतं. वाळूचा माराबिरा वर गेल्यावर, नंतरचं काम.

गुरुवारी दुपारी इथून आबांचा आवाज चढलेला चिमीने ऐकला होता; भांडण का झालं, असं मी सरळच विचारलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. दोन महिन्यांपासून बसवलेल्या दातांचं पोर्सेलीन सुटायला लागलं होतं. डॉक्टर कामं परत पाठवत होते. सांगाडा उघडाबोडका आणि पोर्सेलीनची टरफलं डबीत. एका म्हातारीच्या घशात तुकडा गेला आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. आबांनी सुटलेली टरफलं भिंगाखाली घालून बघितली. प्रत्येक टरफलाच्या आतल्या अंगाला धातूवरचा थर जसाच्या तसा चिकटून आला होता. पोर्सेलीनने थर धरला होता, पण थरानेच धातू सोडला होता. खरा दोष धातूचा होता. नव्या धातूत आधी वितळवून उरलेले जुने गठ्ठे मिसळत होते, निम्मेनिम. असा धातू पुन्हापुन्हा वितळला की भट्टीत त्याच्यावर नको तेवढा जाड थर चढतो.

"म्हणून आबांनी डिगॅसिंग बंद केलं," मी म्हटलं.

त्याला ते माहीतच नव्हतं. त्याने नुसतीच मान हलवली. मग हातातला सांगाडा खाली ठेवून म्हणाला, "गठ्ठे मिसळायला मला मालकांनी सांगितलं. मी आबांना ते सांगितलं नाही. नोकरीचं भ्यालो. गुरुवारी दुपारी त्यांनी मला पकडलं तेव्हा सांगितलं. ते मला मारतील असं वाटलं, पण ते नुसतेच खाली बसले. म्हणाले, सगळ्या डॉक्टरांना पत्र लिहितो, सगळ्यांचे दात परत मागवतो."

"आणि मालकांना?"

"संध्याकाळी बोलतो म्हणाले."

मी त्याने खाली ठेवलेला सांगाडा उचलला. त्याच्या अंगठ्याची खूण धातूवर चकाकत होती, काळपट आणि तेलकट. मी त्याच्याकडून तीन कच्चे सांगाडे मागून घेतले आणि घरी निघाले. डाग बोटाचा होता, बोटं याची होती, तरी काहीतरी बसत नव्हतं. तेलाचा डाग भट्टीतून काळा होऊन निघतो. पिशवीतल्या सांगाड्यावरचा डाग आठवायचा प्रयत्न केला. काळा होता का?

६

रविवारी सकाळी वाचायला चष्मा काढला आणि बघितलं तर चष्म्याचं काळं घर पांढरं झालेलं. बारीक भुकटी, पिठासारखी. रुमालही पांढरा, किल्ल्याही पांढऱ्या. पर्स पालथी केली तर मालकांनी दिलेले हातमोजे बाहेर पडले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसरं काय म्हणायचं. तीस वर्षं मी मुलांना सांगत आले, मोजे घालून वाळू मारलेला धातू धरू नका, मोज्यांच्या आत आणि बाहेर भुकटी असते, ती धातूच्या खरखरीत अंगात शिरते आणि भट्टीतून पांढरे ठिपके होऊन निघते. तेलाइतकीच वाईट. आबांनी त्या मुलाचे मोजे खिडकीबाहेर फेकले ते याचसाठी. आणि मी मोजे पर्समध्ये घालून सगळ्या शहराला प्रदक्षिणा घातली होती.

मी इन्स्पेक्टरांना फोन केला आणि एकच विचारलं. पिशवीतल्या सांगाड्यावरचा डाग बघा आणि सांगा, काळा आहे की पांढरा. त्यांनी खिडकीशी नेऊन बघितला असावा, कारण उत्तर यायला वेळ लागला.

"पांढरट आहे," ते म्हणाले. "मीठ शिंपडल्यासारखा. आमच्या माणसांनी बोटांचे ठसे शोधले त्यावर, काही मिळालं नाही. हे आम्ही कोणाला सांगितलेलं नाही."

"सांगूही नका," मी म्हटलं. "उद्या अटकेच्या आधी मला एक तास द्या. तिघांनाही वरच्या खोलीत बोलवा."

चिमीने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. मी तिला काही सांगितलं नाही. मी एकदा मनातल्या मनात चुकून ओताऱ्याला फासावर चढवून मोकळी झाले होते, आणि पुन्हा चुकले असते तर भोगणारी ती होती.

७

सोमवारी दहा वाजता आम्ही पाच जण आबांच्या खोलीत उभे होतो. इन्स्पेक्टर, मालक, ओतारी, चिमी आणि मी. टेबलावर तीन सांगाडे ठेवले होते, एकाच धातूचे, तिघांसमोर मीच वाळूचा मारा करून, वाफेने धुऊन, स्वच्छ कागदावर चिमट्याने मांडलेले.

इन्स्पेक्टर म्हणाले की कोर्टात सांगण्यासाठी त्यांना हे काम नजरेखालून घालायचं आहे. प्रत्येकाने एक सांगाडा उचलून भट्टीच्या थाळीवर ठेवायचा, आपण ठेवू तसा. मालकांना ही कल्पना आवडली. दाखवायची संधी त्यांनी कधी सोडली नव्हती.

चिमी पहिली. तिचा हात आपोआप भिंतीकडे गेला आणि तिने चिमटा काढला. चिमट्याने सांगाडा अलगद उचलला आणि थाळीवरच्या खुंटीवर बसवला.

मग ओतारी. त्याने दोन बोटांत धरून ठेवला, जसा तो सगळंच धरतो. मालक च्च् करून हसले आणि म्हणाले, बघा इन्स्पेक्टर, वर्षानुवर्षं सांगतोय, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग मालक. त्यांनी कोटाच्या खिशातून हातमोजे काढले, सावकाश चढवले, बोटं एकेक करून नीट बसवली. धातूला उघड्या हाताने स्पर्श नाही, हा आपला पहिला नियम, असं म्हणत त्यांनी सांगाडा मधल्या दातावर अंगठा ठेवून उचलला आणि तिसऱ्या खुंटीवर बसवला. भिंतीवरच्या चिमट्यांकडे त्यांनी बघितलंही नाही.

मी कळ दाबली. थाळी वर गेली. आठ मिनिटं लागणार होती. खिडकीतून खालच्या रस्त्यावरची एक मोटार सुरू होण्याचा आवाज येत होता, होत नव्हती, पुन्हा प्रयत्न. मग घंटी वाजली. चिमीने डोळे मिटून घेतले, कारण तीच घंटी तिने गुरुवारी खालून ऐकली होती.

थाळी खाली आली. धातू निवायची वाट बघितली आणि मी चिमट्याने तीनही सांगाडे उजेडात ठेवले. चिमीचा एकसारखा हिरवट करडा, कुठे डाग नाही. ओताऱ्याच्या सांगाड्यावर काळपट तेलकट ठिपका. आणि मालकांच्या सांगाड्यावर मधल्या दातावर अंगठ्याएवढा पांढरट, मीठ शिंपडल्यासारखा डाग. मागच्या बाजूला तसाच दुसरा.

इन्स्पेक्टरांनी खिशातून पिशवी काढली आणि गुरुवारचा सांगाडा शेजारी ठेवला. बघायला भिंग लागत नव्हतं.

मी मालकांकडे बघून बोलले, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची गरज नव्हती. "नियम तुम्हाला पाठ आहे. नियम कशासाठी आहे ते कधी विचारलं नाहीत. मोज्यांच्या भुकटीचं इथे कोणीही सांगितलं असतं. आणि आबांनी पंधरा दिवसांपूर्वी डिगॅसिंग बंद केलं होतं. प्रत्येक कार्डावर लिहिलंय. पण कार्डं तुम्ही कधी वाचली नाहीत."

मालक त्या डागाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा परीक्षेत सगळी उत्तरं बरोबर लिहूनही नापास झालेल्या मुलासारखा झाला होता.

"पण मी हातमोजे घातले होते," ते म्हणाले.

"कधी?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

मालकांनी मोजे काढायला सुरुवात केली, एक काढला आणि दुसरा तसाच राहिला.

"पत्र लिहिणार होते," ते मग खालच्या आवाजात म्हणाले. "एकशे साठ डॉक्टरांना. वडिलांचं नाव आहे दारावर. मी म्हटलं आपण हळूहळू बदलून देऊ, कोणाला न सांगता. ते ऐकेनात. पाठ फिरवून तळघराच्या जिन्याकडे निघाले, धातू बघतो म्हणाले. वरच्या पायरीवर मी त्यांना धरून माझ्याकडे वळवलं, आणि माझे हात त्यांच्या छातीवर गेले. मला फक्त थांबवायचं होतं."

"आणि मग खाली जाऊन माझ्या भाचीला आठपर्यंत थांबायला सांगितलंत," मी म्हटलं.

त्यांनी दुसरा मोजा ओढून काढला. ढकललं ते रागाच्या भरात, ते मी एक वेळ समजू शकते. पण आबांचं शरीर जिन्याखाली तसंच सोडून, वर येऊन, मोजे चढवून, वेळ लावून, खाली उतरून त्या पोरीशी गोड बोलणं, ते रागात होत नाही. मी आयुष्यात कोणाचा इतका तिरस्कार केला नाही, आणि तो अजून गेलेला नाही.

ओतारी भिंतीला टेकून उभा होता, हाताचे दोन्ही अंगठे मुठीत मिटून. इन्स्पेक्टरांनी मालकांच्या दंडाला धरलं तेव्हा तो बाजूला झाला आणि म्हणाला की गठ्ठ्यांचं सगळं तो लिहून देईल, सहीनिशी.

८

लॅबला दोन आठवडे टाळं होतं. मग मालकांच्या आईने स्वतः येऊन ते काढलं आणि मला विचारलं की वरचा मजला सांभाळाल का. मी म्हटलं, एका अटीवर. आबांचं पत्र जाईल.

पत्र आबांच्या खणातच होतं, अर्धं लिहिलेलं. मालकांना ते सापडलं नव्हतं, कारण ते कार्डांच्या खाली होतं. चिमीने ते पूर्ण केलं. एकशे साठ पाकिटं आम्ही दोघींनी आणि ओताऱ्याने भरली. त्यानंतर रोज दात परत येऊ लागले, काही पोर्सेलीन सुटलेले, काही अजून धड असलेले, लोकांच्या तोंडातून काढून आणलेले. काही जणांनी शिव्याही पाठवल्या. आम्ही एकेक नव्या धातूवर पुन्हा करतो. वर्षभर पुरेल एवढं काम आहे.

माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, म्हणून वरचे थर चिमी चढवते आणि मी मारा करते. कधी कधी मी वर एकटीच असते, भिंगावर डोळा लावून, आणि कामात असताना बोलायला मलाही आवडत नाही. तो खडूसपणा आम्ही एकाच वर्गात शिकलो.

परवा संध्याकाळी खालून जिन्याशी तिची पावलं थांबली.  मग तिने हळूच हाक मारली.

"मावशी, मी निघते."

चिमट्यात सांगाडा होता, मारा नुकताच झालेला. मी तो कागदावर ठेवला, उठले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन मोठ्याने म्हटलं, "हो गं. नीट जा. मी आहे वर."

ती तळमजल्यावर मान वर करून उभी होती. मला बघितलं, मान हलवली आणि दार ओढून घेतलं.